कापायची घाई

मी ट्रिप्सिन बोलतोय. तुमच्या शाळेच्या पुस्तकात मला विकर म्हणतात. प्रथिनांचे तुकडे करणं हा माझा धंदा. एका शिंप्याच्या स्वादुपिंडात मी जन्मलो.

जन्मलो तोच बांधलेला. माझ्या अंगावर एक लहानसा पट्टा ठेवला होता. आतड्यात पोचलो की तिथलं दुसरं विकर तो कापणार आणि मग मी कामाला लागणार, असा शिरस्ता. मध्येच कुणी सुटला तर त्याला धरायला रखवालदारही होते. मला तो अपमान वाटायचा.

आमचे मालकही असेच. मोठी कात्री कापडात गुंडाळलेली. खडूची रेघ दोनदा तपासल्याशिवाय बाहेर काढायचे नाहीत. मुलगी चिडवायची, "बाबा, कापड काय पळून जातंय का?"

"ते नाही गं पळत. पण एकदा कापलं की गेलं."

हे ऐकूनही मी शिकलो नाही.

डॉक्टरांनी मालकांना पित्ताशयातले खडे काढून घ्या म्हणून सांगितलं होतं. पण शाळेच्या गणवेशांचं काम आलेलं. "एवढं उरकू दे, मग बघू," म्हणत ते कळ सोसत राहिले. मंगळवारी एक खडा निसटला आणि आतड्यात उघडणाऱ्या आमच्या नळीच्या तोंडाशी अडकला. आम्ही आत कोंडलो. त्या गर्दीत माझा पट्टा तुटला, आणि सांगायला लाज वाटते, मला आनंद झाला! रखवालदार मोजके, आम्ही असंख्य. मी शेजाऱ्यांचे पट्टे कापत सुटलो. मग सगळे मिळून, ज्या घरात जन्मलो तेच कुरतडू लागलो. मालक पोट धरून शिलाई मशीनवर कोसळले, तरी मला थांबता आलं नाही.

आता मी त्यांच्या रक्तात आहे. इथल्या रखवालदारांनी मला करकचून धरलंय, बरंच झालं. डॉक्टर म्हणतात, उद्यापर्यंत काही सांगता येत नाही.

मघाशी मालकांनी पोटावरून हात फिरवला. "याचा काय दोष? मीच लक्ष दिलं नाही," ते मुलीला म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नर्सबाई तपासणीसाठी रक्त घ्यायला सुई घेऊन आल्यात. बाई, तपासणीत आज आम्ही कालपेक्षा कमी भरलो, तर दाराशी उभ्या मुलीला आधी सांगा. आणि मालक शुद्धीवर असले, तर त्यांनाही सांगा, घाई माझी होती.