सकाळचं पान

मित्रांनो, मी दवाखान्यातला एक जुना संगणक आहे. औषधांच्या खिडकीशी, कंपाउंडरकाकांच्या टेबलावर माझी सारी नोकरी झाली.

पूर्वी सगळ्या रुग्णांच्या नोंदी माझ्याच पोटात असत. “याला सगळं तोंडपाठ!” असं डॉक्टर कौतुकानं म्हणत. मग त्यांनी शहराच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक दवाखाना उघडला आणि नोंदी इंटरनेटवरच्या सॉफ्टवेअरमध्ये गेल्या. त्याला क्लाउड म्हणतात, पण तिथे ढगबिग काही नाही. दूर कुठेतरी थंड खोल्यांत माझेच दांडगे भाऊबंद बसलेले असतात. नोंद त्यांच्याकडे राहते. मी मागितली की त्या घडीला जशी असेल तशी येते. पुढे ती बदलली, तर मला पुन्हा मागावी लागते.

पण पुन्हा मागितलं की पासवर्ड द्यावा लागे. काका वैतागत. म्हणून सकाळीच ते दिवसभराच्या रुग्णांची पानं उघडून ठेवत.

त्या दिवशी शिवणकाम करणाऱ्या ताईंच्या मुलीला घरात एक जुना कागद सापडला. आईला एक गोळी सोसत नाही, असं त्यावर लिहिलं होतं. कामावर जाताना तिनं तो दुसऱ्या दवाखान्यात डॉक्टरांना दाखवला. ताईंना नेमकी तीच लिहून दिलेली होती. त्यांनी लगेच नोंदीतली गोळी बदलली. “आता तिकडे दिसेल,” ते म्हणाले.

मला दिसलं नाही. दुपारी ताई माझ्यापुढे आल्या, तेव्हा मी सकाळचंच पान ऐटीत दाखवत होतो.

“काका, मागे कुठल्याशा गोळीनं माझा घसा सुजला होता. हीच तर नव्हे?”

“अहो ताई, कॉम्प्युटर काय थापा मारतो? घ्या बिनधास्त!”

त्यांनी तिथेच गोळी घेतली. पाचव्या मिनिटाला त्यांचे ओठ सुजले, श्वास अडकू लागला. “रिक्षा थांबवा!” म्हणत काका चपला न घालताच धावले.

ताई वाचल्या. चार दिवस रुग्णालयात होत्या. आता माझ्या पडद्यावर ‘जुना’ अशी चिठ्ठी चिकटवली आहे, लवकरच मला इथून हलवतील. त्याचं दुःख नाही.

मित्रांनो, पडद्यावर लिहिलेलं वाचाल तेव्हा ते कधीचं आहे, हेही पाहा. आणि समोरचं माणूस शंका काढत असेल, तर आधी त्याचं ऐका.

परवा ताई आल्या होत्या. काकांना म्हणाल्या, “चूक माझीच हो. मीच नीट सांगायला हवं होतं.”

काकांनी मान खाली घालून त्यांच्यासाठी खुर्ची पुढे ओढली. ताईंनी तर नीटच सांगितलं होतं.