मखमलीचा तुकडा

ठमी पाळण्यात झोपली आहे तोवर लिहून टाकते.

काल प्रयोगशाळेत मोठ्या बाईंनी माझ्या टेबलावर एक पिशवी ठेवली. आत पिवळ्या दोऱ्यांचा गुंता. पान नाही, मूळ नाही.

"नदीकाठच्या झुडपांवर सापडलं. लोकरीचा गुंडा सुटल्यासारखं पसरलंय. ओळख बघू."

अमरवेल, हे शेंबडं पोरही सांगेल. पण कुठली? फूल भिंगाखाली उघडलं. मधे दोन बारीक दांडे, टोकांना गोल मणी. आपल्याकडच्या वेलीला दांडा एकच. म्हणजे ही बाहेरची. झाडाला विळखा घालून आत तोंड खुपसते, त्याचा रस पिऊन जगते. तोडून फेकली तर तुकड्यातून पुन्हा उभी राहते. बी मातीत दहा-दहा वर्षं तग धरतं.

"काठावरची झुडपं गेली तर माती कोण धरणार?" बाई म्हणाल्या. "आणि आली कुठून ही बया?"

मला अंदाज आला होता. चार महिन्यांपूर्वी नदीच्या वरच्या अंगाला, बंधाऱ्याच्या उतारावर, चाऱ्यासाठी लसूणघास पेरला होता. त्या बियाण्याचा नमुना मीच तपासला होता, आणि त्याच लॉटची पोती अजून वाटली जात होती.

लसूणघासाचं बी गुळगुळीत, अमरवेलीचं खरखरीत. दिसायला सख्खी भावंडं. म्हणून आम्ही नमुना मखमलीच्या तुकड्यावर ओतून तो तिरका धरतो. चांगलं बी घरंगळतं, हे चिकटून बसतं. माझा तुकडा त्या दिवशी घरी होता. बाळंतपणाची रजा संपून आठवडा झाला होता. आदल्या संध्याकाळी तो चुकून खिशातून घरी आला, ठमीने गालाला लावला आणि पहिल्यांदाच न रडता झोपली. "राहू दे गं, चिंधीच तर आहे," सासूबाई म्हणाल्या. मी नमुना नुसत्या डोळ्यांनी पाहिला आणि सही केली. डोळे तरी कुठे उघडे होते.

रडू येईल असं वाटलं. आलं नाही. पिशवीला चिकटपट्टी लावली, हात धुतले, डबा खाल्ला.

"कुणाला कळणारे?" संध्याकाळी नवरा म्हणाला. "बी काय, कुठूनही येतं. तुझी नोकरी अजून कच्ची आहे."

"पोती अजून जातायत रे."

तो ठमीच्या मोज्यांच्या घड्या करायला लागला.

"मला घरी बसवलं तर?" मी विचारलं.

"तर ठमी खूश. माझं मात्र काही खरं नाही."

हसलो दोघंही, सवयीने.

आज सकाळी अहवालात वेलीचं नाव लिहिलं, खाली लॉटचा क्रमांक, आणि 'मखमलीवर तपासला नाही. सही माझी.' बाईंनी वाचलं, चष्मा काढून पुसला.

"तुझं काय ते नंतर बघू. आधी पोती थांबव. कुठे कुठे गेली, यादी काढ."

यादीत अकरा ठिकाणं निघाली. सात ठिकाणी पेरून झालंय. उरलेल्या चार ठिकाणी फोन केले, पोती उघडू नका म्हणून. मग बाईंनी घरी पाठवलं, उद्या ये म्हणाल्या. का, ते सांगितलं नाही.

ठमी चुळबुळतेय. तुकडा गालाखालून सरकलाय. नीट लावून येते.