इफराच्या पोटावरचा पंप

मित्रांनो, मी एक जुना, फुटका पंप आहे. पंप म्हटल्यावर लगेच विहिरीवरचा आठवू नका. मी तुमच्या कंपासपेटीएवढाच आहे. सौदीतल्या जेद्दा शहराच्या बलद भागातल्या एका घरात, कपाटाच्या खालच्या खणात पडून असतो. माझं काम टोचण्याचं, त्यामुळे मला कुणी जीव लावला नाही. त्याचा मला राग आहे आणि तो मी लपवणार नाही.

कारखान्यातल्या तपासणीत मी पहिल्याच फटक्यात पास झालो होतो. केवढा अभिमान वाटला होता! मग नऊ वर्षांच्या इफराकडे आलो. तिचं रक्त अंगात टिकत नाही. सारखं दुसऱ्याचं रक्त चढवावं लागतं, आणि त्यातलं लोह शरीरात साचून काळीज पोखरतं. ते लोह बाहेर काढणारं औषध मी सुईवाटे तिच्या पोटात तासन्‌तास ढकलायचो. पोटभर काळेनिळे डाग! तिची अम्मी साबिरा रोज न दुखणारी जागा शोधायची. अब्बा नसरुद्दीन नेमका तेव्हाच दुकानात पळायचा.

हे दुखणं आईबापांच्या रक्तातून आलेलं. इथल्या सौदी लोकांना लग्नाआधी रक्त तपासावंच लागतं. पण साबिरा नसरुद्दीनच्या सख्ख्या मामाची मुलगी, आणि लग्न झालं त्यांच्या रत्नागिरीकडच्या गावात. तिथे सगळे म्हणाले, "घरचीच पोर, घरचंच रक्त, त्यात तपासायचं काय?" अहो, घरचंच रक्त म्हणून तर तपासायला हवं होतं! माझ्यासारख्या यंत्राला तपासलं, या दोघांना मात्र कुणी तपासलं नाही.

आता नसरुद्दीनला आणखी एक मूल हवं होतं. डॉक्टर म्हणाले, चारात एकाला हेच दुखणं व्हायची भीती आहे, पण गर्भ प्रयोगशाळेत तयार करून, पोटात रुजवण्याआधीच तपासता येतो आणि निरोगी तोच निवडता येतो. साबिरा तयार झाली. नसरुद्दीन भडकला.

शुक्रवारी जेवणानंतर मी इफराच्या कमरेला बांधलेला होतो आणि त्या दोघांची जुंपली.

"तांदूळ निवडल्यासारखी पोरं निवडायची? अल्ला देल ते घ्यायचं!"

"तांदूळ रडत नाय, इफराचे अब्बा. तपासल्याबिगर मी दुसरं मूल आणायची नाय."

नसरुद्दीनची चपराक फाडकन तिच्या तोंडावर बसली. ओठ फुटला.

"मग इफराला तपासलं असतंस तर? ही आली असती काय गो?"

याचं उत्तर मला अजून सुचलेलं नाही. पण साबिरा मागे हटली नाही. "तपासल्याबिगर नाय," ती पुन्हा म्हणाली.

नसरुद्दीनने मला इफराच्या कमरेवरून हिसकावलं आणि भिंतीवर भिरकावलं. नळीबरोबर सुईही तिच्या पोटातून उपटून निघाली. माझं कवच फुटलं, बॅटऱ्या घरंगळत गेल्या. इफराच्या पांढऱ्या फ्रॉकवर रक्त पसरू लागलं. ते पाहून नसरुद्दीन गारठला. "बेटा..." म्हणत त्याने हात पुढे केला.

इफराने माझी सुई उचलली आणि त्याच हातात खचकन खुपसली. तो केवढ्यानं ओरडला!

"आपको एक बार लगा, अब्बा! मुझे रोज़ लगता है!" ती शाळेतल्या हिंदीत किंचाळली. मग हुंदके देत म्हणाली, "मैं तो आ गई. मुझे रहना है. पर जो आया ही नहीं, उससे पूछ भी नहीं सकते. उसका सोचो ना!"

नसरुद्दीनने हातातली सुई उपटली आणि तिच्या पोटावरच्या जखमेवर रुमाल दाबून धरला.

पुढच्या आठवड्यात दुकान बंद ठेवून तो साबिराबरोबर तपासणीचं विचारायला गेला. इफराला नवा पंप आला. आता त्याची सुई नसरुद्दीन टोचतो, आणि न दुखणारी जागाही तोच शोधतो. साबिराच्या ओठावरचा व्रण मात्र गेलेला नाही, जाऊही नये.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल, कुणाला तरी या जगात बोलवाल. तो तुमचा हक्क आहे, खुशाल बोलवा. पण ज्याला विचारता येत नाही, त्याच्या वतीने आधी स्वतःला विचारा. आणि एकदा तो आला, की सुई टोचायच्या वेळी दुकानात पळू नका.