मनगटावर मोजलेला देश

देशाची प्रकृती सुधारली होती. तातडीच्या उपचारांसाठी रुग्णालयांत धाव घेणाऱ्यांची संख्या देशभर झपाट्याने घटल्याचं आरोग्य खात्याने सकाळीच जाहीर केलं. दुपारी ही आनंदवार्ता घेऊन खात्याचे साहेब एका रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत आले, तेव्हा त्यांना दारातून आत शिरता येईना.

थोरल्या सिस्टरने मान वर केली नाही. ती एका आजोबांची जीभ बघत होती. हल्ली तिला माणसं चेहऱ्यापेक्षा जिभेवरून लवकर ओळखू येत.

"अभिनंदन, सिस्टर! तुमचे रुग्ण निम्म्यावर आलेत."

"उरलेले निम्मे जिन्यात आहेत," ती म्हणाली.

साहेब हसले आणि त्यांनी आदेश पुढे केला. कामच घटलं, तर दोन सिस्टर कशाला? धाकटीची बदली. धाकटी त्या वेळी एका हातात सलाईनची बाटली आणि दुसऱ्या हातात ओकारीचं भांडं धरून उभी होती. थोरलीने तिच्याकडे पाहिलं. ही पोर गेली, तर या गर्दीत आपण एकट्या. आधीच पायांच्या पोटऱ्या दगड झालेल्या.

"साहेब, तुम्ही माणसं मोजता कशी?"

"अगदी शास्त्रीय! रुग्णाच्या मनगटावर यंत्रातून छापलेली पट्टी बांधली, की एक माणूस मोजला."

थोरलीने आजोबांचा हात वर केला. मनगटाला साधी चिकटपट्टी होती, त्यावर पेनाने नाव. शेजारच्या बाईलाही तीच, तिच्या बाळालाही.

"छापायच्या पट्ट्या संपल्या. मागितल्या, तर भांडार म्हणालं, तुमचे रुग्ण घटलेत, पट्ट्या कमीच मिळतील. पट्ट्या कमी, म्हणून रुग्ण आणखी घटले."

"पण हे फक्त तुमच्याकडे..."

"भांडार सगळ्या देशाला एकच आहे ना, साहेब?"

साहेबांनी भिंतीचा आधार शोधला. भिंतीला आधीच तिघं टेकलेले होते. दमट हवा, डेटॉलचा वास, त्यात हा देश. त्यांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"मावशी, साहेबांना बसवा हो!" थोरलीने हाक मारली.

वॉर्डातल्या मावशीने बाकावरच्या माणसाला कोपराने सरकवलं. "सरक रे बाबा, मोठा माणूस पडतोय." धाकटीने भांडं खाली ठेवून साहेबांची नाडी धरली, तोंडावर पाणी शिंपडलं. थोरलीने त्यांच्या मनगटाला चिकटपट्टी लावून नाव लिहिलं.

बऱ्याच वेळाने साहेबांनी डोळे उघडले. मनगटाकडे बघत राहिले.

"म्हणजे मी मोजला गेलो नाही?"

"नाही. तुमची प्रकृती उत्तम आहे."

मावशी तोंडाला पदर लावून वळली. नाडी अजून धाकटीच्याच हातात होती. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग दारातल्या रांगेकडे. थोरलीचं पेन मागून घेतलं आणि आदेशावर आडवी रेघ ओढून लिहिलं: 'पट्ट्या पोचेपर्यंत बदली स्थगित.' खाली सही केली.

पट्ट्या कधी पोचतात, हे थोरलीला ठाऊक होतं. कित्येक दिवसांनी तिने खांदे सैल सोडले.

साहेब उठले, कोट झटकला, गर्दीतून वाट काढत दाराशी पोचले. थोरलीने पुढच्या मनगटाला चिकटपट्टी लावली, लिहायला हात उचलला आणि ओरडली,

"अहो साहेब, तेवढं पेन ठेवून जा!"