सरकवलेला ठिपका

नेरिडा कॉइलला माणसांचा भरवसा नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्याला कारणही होतं. दुर्मीळ जिवांच्या सरकारी नकाशात तिने नोंदवलेला ठिपका पाहून दोघे संग्राहक न्यू साउथ वेल्सच्या डोंगरमाथ्यावरच्या तिच्या दलदलीत घुसले आणि अकरा राक्षसी चतुर, तळहाताएवढे उडते कीटक, डब्यात भरून घेऊन गेले. या चतुरांच्या अळ्या ओल्या बिळांत सहा-सहा वर्षं काढतात. आपली दलदल सोडून ते शेजारच्या दलदलीतसुद्धा सहसा जात नाहीत.

तेव्हा तो नकाशा राखणाऱ्या नोंदणी कार्यालयातल्या फर्गसशी भांडून तिने तो ठिपका दहा किलोमीटर पूर्वेला, कोरड्या जंगलात सरकवून घेतला. दुर्मीळ जिवांचे ठिपके असे सरकवायची पद्धतच होती. खरी जागा हवी असेल त्याने नोंद करणाऱ्याला पत्र लिहायचं. पत्रं यायची आणि नेरिडा ती न उघडताच शेगडीत टाकायची. मेले चोर, म्हणायची.

मग दलदलीखाली कोळशाची खाण आली. खालून पोखरल्यावर वरचा खडक तडकला आणि दलदलीचं पाणी भसाभसा उतरलं. नेरिडा तणतणत फर्गसकडे गेली. खाणीला परवानगी देण्याआधी पाहणी करणारे आंधळे होते का, म्हणून तिने त्यालाच फैलावर घेतलं.

फर्गसने पाहणीचा अहवाल पुढे सरकवला. ते लोक बरोब्बर ठिपक्यावर गेले होते आणि तिथे एकही चतुर नव्हता. खरी जागा विचारायला त्यांनी तिला तीन पत्रं धाडली होती, तारखांसकट नोंद होती.

"तू फोन का नाही केलास मला?"

"केला होता. तू म्हणालीस, पत्रं लिहिणाऱ्यांना घाल चुलीत."

म्हणाली होती खरी.

दुसऱ्या दिवशी ती दलदलीत गेली. गुडघे टेकून, कोपरापर्यंत हात घालून एकेक बीळ चाचपलं. एकोणीस उन्हाळे तिने इथल्या गवतावरून चतुरांच्या काती वेचल्या होत्या, आज एकही नव्हती. चाळिसाव्या बिळात एक अळी मिळाली, वाळून कडक झालेली. नेरिडा तिथेच बसून हमसून हमसून रडली.

सोमवारी तिने खरी जागा लिहून दिली. आता लपवायचं काय आणि कुणापासून? फर्गसने ठिपका उचलून दलदलीवर आणला आणि थांबला. जिवंत नोंद हिरवी असते, संपलेली काळी.

"रंग कुठला देऊ, नेरिडा?"

"काळा," ती म्हणाली. "आणि खाली माझं नाव राहू दे."