चौथ्या आणि पाचव्याच्या मधली पायवाट

यावर तुमच्यापैकी कुणीही विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नका. माझा स्वतःचाच अजून धड बसलेला नाही. पण टीव्हीच्या कचेरीतल्या सर्वांत मोठ्या साहेबाला मी लिफ्टमध्ये कोंडलं, आणि तो बाहेर आला तेव्हा त्याच्या बुटांना चिखल होता. ओला चिखल, गवताच्या काड्यांसकट.

हसा. शिंपीदादा, तुम्ही हसण्याआधी तोंडातली टाचणी काढा. मास्तरीणबाई, तुम्ही सावकाश हसा, तुम्हाला ठसका लागतो. मी मात्र आज हसणार नाही. माझं डोकं फिरलंय आणि आवाज चढणार आहे. वरची खिडकी उघडी आहे, आमची ही तिथेच पलंगावर पडलेली असते, तिला ऐकू जाईल म्हणता? जाऊ दे की! तिच्यासाठीच तर एवढं रामायण झालं.

ही न्हाणीघरात घसरली आणि खुबा मोडला, हे तुम्हाला ठाऊक आहे. डॉक्टरांनी हाड सांधलं. हाड जुळलं, पण बाई उठेना. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीनं मला दाराबाहेर बोलावलं. म्हणाली, "आजोबा, आजी आत्ता चालल्या तर चालल्या. अशाच पडून राहिल्या तर पाय आखडतील, मग मी येऊनही उपयोग नाही." मी आत जाऊन विनवण्या केल्या, चिडलो, थट्टा केली. हिचं तोंड भिंतीकडे. "पुन्हा पडले तर?" एवढंच बोलली.

फक्त संध्याकाळी तोंड इकडे वळायचं. तेव्हा टीव्हीवर तो कार्यक्रम लागायचा. काय असायचं त्यात? एक माणूस चालायचा. झालं! आम्ही त्याला फिरस्ता म्हणायचो. ढगळ कोट, डोक्यावर चेपलेली टोपी. शेताच्या बांधावरून चाललाय, ओढा ओलांडतोय, वाटेत गाय आडवी बसली तर ती उठेपर्यंत हा उभा. गाणं नाही, बक्षीस नाही. बुटांखाली पाचोळा वाजतोय आणि मधूनच हा हळू आवाजात म्हणतोय, "इथून थोडी चढण आहे, दमानं जाऊ या." मला आधी वाटलं, याला पगार कशाचा देतात! मग आठवड्याभरात मीच घड्याळाकडे बघायला लागलो. अहो, मी जन्मभर लिफ्ट चालवली. खोक्यात उभं राहून वर गेलो, खाली आलो, पुढे असा कधी गेलोच नाही. आणि हिनं जन्मभर फोन जोडले, त्यातली बरीच वर्षं तर त्याच टीव्हीच्या कचेरीत. कानाला लावलं की कुणीतरी कुणावर तरी खेकसतंय. ही म्हणायची, "अख्ख्या जगात हा एकच माणूस आहे, जो कुणावर ओरडत नाही."

आणि गंमत सांगू? चढण आली की पांघरुणाखाली हिची पावलं हलायची. आधी अंगठे, मग घोटे. मी बघतोय असं दाखवायचो नाही. फिरस्ता फाटक उघडून आत गेला की ही मान उचलायची, फाटक मागे लावतो का ते बघायला. त्यानं कडी घातली की मगच उशीवर डोकं. एकदा कार्यक्रम संपल्यावर मी हिचे मोजे काढले तर त्यांना कुसळं चिकटलेली. खरी कुसळं! बोटाला टोचली माझ्या.

आणि त्या गाढवांनी कार्यक्रम बंद केला. न सांगता, न सवरता. संध्याकाळी टीव्ही लावला तर सहा माणसं टेबलाभोवती बसून एकमेकांवर भुंकतायत, आणि सातवा त्यांना आणखी भुंका म्हणतोय. आम्हाला वाटलं, चुकीचं बटण दाबलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी हिनं टीव्ही लावू नका म्हणून सांगितलं आणि भिंतीकडे तोंड केलं. पांघरूण गप्प. माझ्या डोक्यात तेव्हा जी आग पेटली, तिच्यावर तुमच्या सगळ्या इस्त्र्या तापल्या असत्या शिंपीदादा! मेल्यांनो, एका म्हातारीची पावलं हलत होती रे तुमच्यामुळे. ती थांबवून तुम्ही काय मिळवलंत? भुंकणं!

घातले बूट आणि गेलो. कचेरी कसली, सात मजली डोंगर! आत लिफ्ट जुन्या पद्धतीची, जाळीच्या दाराची, पितळी दांड्याची. माझ्याच तोलामोलाची. तिथला लिफ्टवाला चहाला गेलेला. मी आत शिरलो, दाराकडे तोंड आणि माणसांकडे पाठ करून उभा राहिलो. लिफ्टवाल्यानं कधी मागे बघायचं नसतं, हा आमचा नियम. चाळीस वर्षं मी लोकांवर चिडलोय तो पाठीनंच. तेवढ्यात साहेब शिरला. अत्तराचा भपकारा! आणि त्याच्या मागून, विश्वास ठेवू नका, चेपलेली टोपी हातात घेऊन फिरस्ता! त्या बिचाऱ्याला वर नेऊन निरोपाचा हार घालायचा होता.

साहेब म्हणाला, "सातवा." आणि मेली सवय! भांडायला आलेला मी, पण माझा हात आपोआप दांड्यावर. पहिला गेला, दुसरा गेला, तिसरा गेला, चौथा. मग मी शुद्धीवर आलो आणि दांडा असा खेचला की लिफ्ट चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये लटकली. समोर नुसती भिंत.

"काय झालं?"

"काही नाही साहेब," मी पाठीनंच म्हणालो. "हिची पावलं थांबली, म्हणून तुमची थांबवली."

मग तो ओरडला. काय ओरडला! त्या टेबलावरच्या सहाही जणांचा बाप. नोकरी घालवीन, तुरुंगात टाकीन. म्हटलं, नोकरी संपली, आणि तुरुंग यापेक्षा मोठाच असेल! ओरडून ओरडून त्याला धाप लागली, कॉलर घामानं भिजली. तेव्हा कोपऱ्यातून हळूच आवाज आला, "साहेब, इथून थोडी चढण आहे. दमानं जाऊ या." आणि फिरस्ता जागच्या जागी चालायला लागला. टप, टप.

थांबा, हे कसलं वाजलं? जिन्यात? मांजर असेल हो. मास्तरीणबाई, जिन्याकडे बघू नका! कुणीही बघू नका. माझ्याकडे बघा. आता तर खरी गोष्ट सुरू होतेय.

तर साहेबही चालायला लागला. आधी अंगठे, मग घोटे. आणि त्या लिफ्टमध्ये, आईशप्पथ, फरशीतून गवत उगवलं! गुडघाभर! कुठून तरी ओढ्याचा आवाज. जाळीच्या दारापाशी गाय येऊन बसली. तिच्यासाठी आम्ही तिघं उभे राहिलो, बराच वेळ, आणि साहेब एका शब्दानं बोलला नाही. गाय उठली तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी. म्हणाला, "लिफ्टवाले, माझी आईपण हा कार्यक्रम बघायची. मी तिला विचारलंच नाही." मी दाराची कडी घातली, कारण फाटक उघडं ठेवायचं नसतं, आणि दांडा सोडला. मग काय, पाचवा, सहावा, सातवा, आठवा, नववा...

काय? मघाशी सात म्हणालो? वाढले! एवढ्या रागानं लिफ्ट चालवली तर मजले वाढणारच. अकराव्या मजल्यावर... हो, अकराव्या! ऐकू येतंय ना सगळ्यांना? अकराव्या मजल्यावर साहेबानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, तुमच्या बायकोला सांगा...

शिंपीदादा, तुम्ही उठून का उभे राहिलात? बसा. नका हो जाऊ मदतीला, बसा म्हणतो ना! कठडा आहे, काठी आहे. माझ्याकडे बघा आणि मोठ्यानं विचारा, तेराव्या मजल्यावर काय झालं?

"खोटं! साफ खोटं! अहो, जरा लाज बाळगा! एवढा जिना उतरायला लावलात मला! इतकी वर्षं मी त्या कचेरीत फोन जोडले. एकमजली इमारत आहे ती, वर नुसते पत्रे! लिफ्ट काय घरून नेली होतीत?"