श्याम नावाचा खेळाडू

डब्याचं झाकण घट्ट बसलं होतं आणि श्यामसुंदर ते नखाने उचकटत होता – तेवढ्यात ऑपरेटर वंदनाजी स्वतः केबिनच्या दारात आल्या. शेजारच्या सोढी आंटींचा फोन होता. तिसऱ्यांदा. आधी दोनदा वंदनाजींनी नेहमीसारखं सांगितलं होतं, ‘साहब मीटिंग में हैं।’ घरून किंवा शेजारून फोन आला की हेच सांगायचं, असं त्यानेच ठरवून दिलेलं. त्याची बायको पद्मजा दिवसातून सात-आठ वेळा फोन करायची – कुठे आहेस, कोणाशी बोलत होतास, आज लवकर येशील ना... तो घरी पोचला तेव्हा पद्मजा गेली होती.

हे फेब्रुवारीतलं. आता एप्रिल, रविवारची दुपार, आणि इथे उत्तरेतच वाढलेली त्यांची मुलगी इरा कॉम्प्युटरमधल्या फायली काढून टाकते आहे.

“पापा, ये गेम हटा दूँ? मम्मी खेलती थी।”

“तिला खेळता कुठे येत होतं? नुसती बघत बसायची.”

“मुझसे अच्छा आता था। आपके नाम से खेलती थी। मैं बोलती थी, मम्मी, पापा को तो माउस पकड़ना भी नहीं आता।” इरा हसली, आणि मग हसायचं थांबली.

“राहू दे,” तो म्हणाला. ती स्वयंपाकघरात गेली.

त्याने खेळ उघडला. जपानी खेळ, इंग्रजीत केलेला. चित्र हलत नाही. खिडकीशी एक मुलगी उभी असते, खाली तिचं बोलणं उमटतं, मधेमधे आपण उत्तर निवडायचं. मुलीचं प्रेम आहे आणि त्या प्रेमानेच ती झिजते आहे – सारखं विचारते, श्याम, आज लवकर येशील? तू मला सोडून जाशील?... त्याला आधी वाटलं, पद्मजा या मुलीत स्वतःला बघत बसायची. डॉक्टरांनाही त्याने तसंच सांगितलं होतं – औषधं घेते, पण दिवसभर त्या वेड्या मुलीसमोर बसते. मग तो खेळ त्याने महिनाभर बंद करवला होता.

पण आता जुन्या नोंदी वाचताना त्याच्या लक्षात आलं, मुलगी पद्मजा नव्हतीच. पद्मजा माझ्या जागी बसायची.

खेळ जिथे थांबवला त्या प्रत्येक जागेची नोंद आहे, तारीख, वेळ, आणि पुढे इंग्रजी अक्षरांत तिचं मराठी. ‘हो म्हटलं. तरी रडली.’ ‘चिडून पाहिलं. गप्प झाली.’ ‘कामात आहे म्हटलं. तिला खोटं कळतं.’ अशा एकेचाळीस नोंदी – म्हणजे मी ऑफिसात फोन चुकवत होतो तेव्हा ही इथे, माझं नाव घेऊन, मी काय बोललो तर ती मुलगी बरी होईल ते शोधत होती... माझ्यासाठी शोधत होती. संध्याकाळी मी यायचो, ती विचारायची चहा टाकू का, आणि यातलं काही सांगायची नाही. मीही कधी विचारलं नाही.

शेवटची नोंद ती गेली त्याच दिवसाची आहे, सकाळी अकरा चाळीस. पुढे काही लिहिलेलं नाही. तो ती उघडतो. मुलगी खिडकीशी उभी आहे. खाली तीन उत्तरं आहेत. दोन त्याला नोंदींमध्ये भेटलेली. तिसरं एकाही नोंदीत नाही – तुला कसली भीती वाटते?

“पापा, रोटी ठंडी हो रही है।”

“आलो.”

लग्नाच्या एकोणीस वर्षांत हे मी पद्मजाला विचारलेलं नाही. हात माउसवर आहे. विचारायचं राहिलं आहे.